टँकरचं पाणी, हेल्मेट आणि मागची झालर: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाकडकर,

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून दोन दिवस थांबून लिहितोय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. पुरुषांचं टक्कल आनुवंशिक असतं, असं सांगणारा माझा लेख वाकडकरांना 'गोळ्या विकणाऱ्यांची भाषा' वाटला. कोथरूडला असेपर्यंत त्यांचे केस शाबूत होते. २८व्या वर्षी वाकडला गेले, टँकरचं पाणी आणि हिंजवडीपर्यंत हेल्मेट सुरू झालं, आणि चार वर्षांत कपाळ वर सरकलं. वडील सत्तरीतही भांग पाडतात. मग आनुवंशिकता आली कुठून?

गोळ्या मी विकत नाही, घेतही नाही. आणि माझं टक्कल नारायण पेठेत, खडकवासल्याच्या पाण्यावर पोसलेलं आहे. टँकरचा संबंध नाही.

टँकरच्या जड (क्षारयुक्त) पाण्याने केस राठ होतात, तुटतात, हे मान्य. पण तुटणं वेगळं, गळणं वेगळं. बाथरूमच्या जाळीवरचा केस उचलून उजेडात धरा. टोकाला बारीकशी पांढरी गाठ दिसली तर तो मुळातून सुटलाय, नाहीतर तुटलाय. (दिवसाला ५० ते १०० सुटणं कुणाचंही चालतं.)

शिवाय तेच पाणी मानेवर आणि कानांमागेही पडतं, हेल्मेटही तिथपर्यंत येतं. मग तिथली झालर का टिकते? आमचा सलूनवाला मागे मशीन फिरवतो, वर नुसता कंगवा फिरवून समाधान मानतो. एकदा त्याच्याकडून दोन्हीकडचे केस मागून घेतले आणि काळ्या कागदावर भिंगाखाली ठेवले. मागचा दोऱ्यासारखा, वरचा तान्ह्या बाळाच्या लवेसारखा. डोकं एकच, शाम्पूही एकच!

१९५९ साली न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेंट्राइक यांनी दाखवलं, की मागचे केस मुळांसकट पुढे लावले तर ते तिथेही टिकतात. म्हणजे गोम केसाच्या मुळात आहे, जागेत नाही. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनचं डीएचटी नावाचं रूप होतं. फाइव्ह अल्फा रिडक्टेज हे एन्झाइम ते घडवतं. पुढच्या आणि टाळूवरच्या मुळांना डीएचटी मानवत नाही, मागच्यांना फारसा फरक पडत नाही. केस वाढण्याचा काळ वर्षांवरून महिन्यांवर येतो, मूळ लहान होत जातं आणि दर फेरीला आधीपेक्षा बारीक केस उगवतो. केस एका दिवसात 'जात' नाही, वर्षानुवर्षं रोडावतो. तेव्हा तुमचं कपाळ कोथरूडलाच कामाला लागलं असणार, वाकडला फक्त लक्षात आलं.

याचा अर्थ टकलूंमध्ये हार्मोन जास्त असतं असा नाही. ही फुशारकी आमच्या कट्ट्यावर नेहमी चालते आणि ती चूक आहे. अमेरिकी संशोधक जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये लिहिलं, की वयात येण्याआधी वृषण काढलेल्यांना टक्कल पडत नाही. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिलं तेव्हा घराण्यात टक्कल असलेल्यांचेच केस जाऊ लागले, बाकीच्यांचे तसेच राहिले. हार्मोन सगळ्यांकडे असतं, ते बाधतं कुणाला हे घराणं ठरवतं.

एक शंका मात्र तुमच्या बाजूने. घर बदलायच्या सुमारास टायफॉइड, डेंगी असं काही झालं होतं का? मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळतात, पण ते सगळ्या डोक्यावरून, आणि बहुतेकदा परत येतात. तुमचं वर्णन तसं वाटत नाही.

वडिलांच्या मुद्द्यावर चूक माझी. 'टक्कल आईकडून येतं' असं मी ठोकून दिलं होतं. डीएचटी पेशीतल्या ज्या रिसेप्टरला (संदेश घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतं, इथवर ठीक. पण २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या ५२,००० हून अधिक पुरुषांच्या अभ्यासात टकलाशी संबंधित गुणसूत्रांवरच्या २८७ जागा सापडल्या, आणि त्यातल्या बहुतेक एक्सवर नाहीत. म्हणजे वडिलांकडूनही बरंच येतं. ते वाक्य लेखात आज दुरुस्त केलंय.

तरी आईकडचं एक्स उरतंच. वडिलांच्या भांगाबद्दल तुम्ही चार ओळी लिहिल्यात. मामांबद्दल एकही नाही.