गच्चीवरची राखण

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या दोन्ही मुली सुट्टी संपेपर्यंत काही परत जात नाहीत आणि तोवर पारा ४५ अंशांना टेकलेला असल्यामुळे जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातल्या आमच्या घरचे सगळे बिऱ्हाड रात्री गच्चीवर झोपते. तिथे चार नातवंडांची राखण करण्याचे काम, मी निवृत्त आहे एवढ्या एकाच पात्रतेवर, माझ्याकडे येते. गच्चीला कठडा आहे, पण गुडघ्याएवढा. घर बांधताना आमच्या वडिलांनी माणसे पडण्यापेक्षा पापड-कुरडया वाळण्याचा विचार अधिक केला होता. या कठड्याची भीती चौघांपैकी एकालाही वाटत नाही. मुले भित्री नाहीत असे मुळीच नाही. पण त्यांची भीती एकीकडे असते आणि धोका दुसरीकडे, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत माझी खाट आहे.

धाकटा दहा महिन्यांचा असून रांगतो. रांगत्या बाळांना खोली कळते का, हे पाहण्यासाठी एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक काचेचे टेबल केले होते. अर्ध्या काचेला खालून चौकटीचे कापड चिकटलेले आणि उरलेल्या अर्ध्या भागात तेच कापड थेट जमिनीवर, म्हणजे पाहणाऱ्याला तिथे कडाच दिसावा. १९६० साली त्यांनी प्रसिद्ध केले, की पलीकडून आई बोलावत असतानाही बहुतेक बाळे त्या कड्यावर गेली नाहीत. हे वाचून मला पहिली शांत झोप लागली. पण वाचन तिथेच थांबवायला हवे होते. पुढच्या संशोधकांना असे आढळले, की ही सावधगिरी रांगण्याच्या अनुभवातून येते आणि मूल चालायला लागले, की ती पुन्हा पहिल्यापासून शिकावी लागते. म्हणजे हा गृहस्थ आत्ता कुठे शहाणा होतो आहे, तोच उभा राहून सगळे विसरणार.

१९८५च्या एका प्रयोगात तर वर्षाच्या बाळांनी, पुढे जावे की नाही हे आईच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवले: ती हसत असली तर बहुतेक जण कडा ओलांडून गेले आणि ती घाबरलेली दिसली तर एकही गेले नाही. त्यावर भरवसा ठेवून, धाकटा कठड्याकडे वळताच, मी डोळे विस्फारून, तोंड वासून अत्यंत भेदरलेला चेहरा करतो. दुर्दैवाने दिवसभर त्याला हसवण्यासाठीही मी हाच चेहरा करत असल्यामुळे तो खदखदून हसतो आणि दुप्पट वेगाने कठड्याकडे निघतो. मात्र आमचा दूधवाला, ज्याने आयुष्यात दुधात पाणी घालण्यापलीकडे कोणाचे वाईट केलेले नाही, तो दारात दिसला, की हाच वीर आईच्या पदरात तोंड खुपसून किंचाळतो. अनोळखी चेहऱ्याची धास्ती या वयात बऱ्याच बाळांना वाटू लागते, असे मी दूधवाल्याला समजावले. त्याने मिशी कमी केली, उपयोग झाला नाही.

चार वर्षांच्या नातीला पाण्याच्या टाकीमागे भूत राहते याची खात्री आहे. कल्पनाशक्तीला पंख फुटतात, पण खरे आणि मानलेले यांतली भिंत अजून पक्की झालेली नसते, असे हे वय. त्यामुळे टॉर्च मारून टाकीमागचा मोकळा कोपरा दाखवला, तर भूत उजेडाला लपते हे ती मला शिकवते. अखेर माझ्या बायकोने झाडू उचलला आणि टाकीमागे जाऊन अहिराणीत दरडावले, “काय करी ऱ्हायना रे तू आठे?” भूत तालुक्यातलेच असावे, कारण ते तत्काळ गेले. याच नातीने दुसऱ्या दिवशी सरपणाखाली निघालेल्या विंचवाला खेकडा समजून लाडाने हाका मारल्या.

आठ वर्षांचा नातू भुताखेतांना हसतो. मेलेला माणूस परत येत नाही हे त्याला आता नीट समजले आहे आणि त्या ज्ञानाचा उपयोग तो, “आबा, तुम्ही मेल्यावर ही खाट कोणाची?” असे विचारण्यासाठी करतो. केळीच्या बागेतून बिबट्या येईल म्हणून तो माझ्या उशाशी झोपतो. पण त्याच केळीने भरलेले ट्रक ज्या रस्त्याने धावतात, तो रस्ता चेंडूमागे बेधडक ओलांडतो. येणाऱ्या गाडीचा वेग जोखणे या वयाला नीट जमत नाही, म्हणून त्याच्या चेंडूमागे मी धावतो.

थोरला चौदाचा आहे. तो एकटा असला, की कठड्याला पाठ टेकून मुकाट्याने मोबाइल पाहतो. गल्लीतले मित्र वर आले, की त्याच कठड्यावर चालून दाखवतो. २००५च्या एका अभ्यासात गाडी चालवण्याच्या खेळात असेच दिसले होते: मित्र पाहत असताना किशोरवयीन मुलांनी कितीतरी अधिक धोके पत्करले, प्रौढांना मात्र मित्र असल्या-नसल्याने फारसा फरक पडला नाही. हाडे मोडतील, डोके फुटेल, ही माझी सगळी भाषणे त्याने कठड्यावर उभे राहूनच ऐकली. मग मी अगदी हळू आवाजात एवढेच विचारले, की मित्रांसमोर त्याला त्याच्या घरच्या नावाने, म्हणजे ‘बबडू’ म्हणून, हाक मारली तर चालेल का. तो खाली उतरला, पांढराफटक पडला आणि मला पाणी हवे का, असेही त्याने विचारले.