डोळ्यांनी ओळखलेली फ्रेम : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मिनिएचर घोड्यांच्या अंगावरील पांढऱ्या खुणांविषयीच्या माझ्या लेखावर आपण दिलेली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. आपले आक्षेप थोडक्यात असे : वर्षानुवर्षे पोनी पाळणाऱ्याला फ्रेम नक्षी (कुशीवरचे आडवे पांढरे) डोळ्यांनी ओळखता येते, त्यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही, आपल्याकडच्या दोन फ्रेम पोनींच्या जोडीला आठ शिंगरे झाली आणि आठही जगली, तेव्हा अशा जोडीच्या प्रत्येक शिंगराला चारांत एक मृत्यूचा धोका हा माझा हिशेब केवळ कागदी आहे, त्या आठांतले एक गुलाबी कातडीचे, काळ्याभोर डोळ्यांचे आणि जवळजवळ पूर्ण पांढरे शिंगरू आज चार वर्षांचे आहे, म्हणजे ‘प्राणघातक पांढरे’ (आई-बाप दोघांकडून फ्रेमचा जनुकबदल मिळालेल्या शिंगराचा आतड्याचा जीवघेणा रोग) ही नुसती घातलेली भीती आहे, आणि शेवटी, मी ओव्हेरो हा शब्द फार ढोबळपणे वापरला. यांतला शेवटचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करतो.

ओव्हेरो हे कोणत्याही एका जनुकाचे नाव नाही. टोबियानोत (पाय पांढरे आणि पाठीवरून पलीकडे जाणारे पांढरे) न बसणाऱ्या निरनिराळ्या नक्षींना एकत्र बांधणारे ते नाव असून फ्रेम, स्प्लॅश आणि सॅबिनो या तिन्ही त्यात येतात. फ्रेमचा बदल ईडीएनआरबी या जनुकात आहे, स्प्लॅशचे बदल एमआयटीएफ आणि पॅक्स३ या जनुकांत आहेत, तर सॅबिनो-१ चा बदल किट या जनुकात आहे. ‘दोन ओव्हेरो एकमेकांना लावू नयेत’ असे मी लिहिले होते. ते ‘दोन फ्रेम’ असे हवे होते, कारण दोन सॅबिनो-१ पोनींच्या मीलनातून ‘प्राणघातक पांढरे’ या रोगाचे शिंगरू जन्मण्याचा संबंधच येत नाही. ते वाक्य मी आता दुरुस्त केले आहे. आपल्या भाषेतला ‘अबलख’ हा शब्दही तसाच गोळाबेरजेचा आहे, आणि ‘पंचकल्याणी’ म्हणताना आपण चार पाय आणि एक कपाळ मोजतो, ते पांढरे कुठून आले हे विचारत नाही. बोलण्यापुरते हे शब्द उत्तम आहेत. जोडी ठरवताना मात्र ते तोकडे पडतात, आणि मी नेमके तिथेच ढोबळपणे लिहिले.

आता आठ शिंगरांचा मुद्दा. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. फ्रेमचा बदल असलेली एकेक प्रत बाळगणाऱ्या नर-मादीच्या प्रत्येक शिंगराला दोन्ही प्रती मिळण्याची शक्यता चारांत एक असते. याचा अर्थ दर चौथे शिंगरू दगावते असा नाही. प्रत्येक वेळी फासा नव्याने पडतो. प्रत्येक शिंगरू वाचण्याची शक्यता चारांत तीन धरून आठ वेळा गुणाकार केला, तर आठही जगण्याची शक्यता सुमारे 10 टक्के येते. म्हणजे ही घटना अशक्य नाही, पण दहांत एकदा घडणारी आहे. त्याउलट, त्या दोघांपैकी एकात जरी फ्रेम नसेल, तर आठही शिंगरे या रोगापासून सुरक्षित असणे हे ओघानेच आले. दोन्ही पोनींची तपासणी झालेली नाही असे आपणच लिहिता. मग आठ जिवंत शिंगरांवरून माझा हिशेब चुकला असे मानायचे, की दोन्ही पोनी फ्रेमच्या आहेत हा आपला मूळ अंदाज तपासून पाहायचा? माझ्या दृष्टीने आपले उदाहरण दुसऱ्या बाजूला झुकते.

पांढऱ्या शिंगराचे वर्णन आपण इतके नेमके केले आहे की त्यावरून काही बोलता येते. सॅबिनो-१ च्या दोन प्रती असलेली शिंगरे जवळजवळ पूर्ण पांढरी जन्मतात, त्यांची कातडी गुलाबी असते, डोळे बहुधा काळेच राहतात, आणि ती निरोगी असतात. हा बदल 2005 साली ओळखला गेला असून शेटलंड पोनी आणि मिनिएचर घोडे या दोहोंत तो आढळतो. आपले शिंगरू तसेच असेल, तर त्याच्या आई-बापांत सॅबिनो-१ ची किमान एकेक प्रत असलीच पाहिजे, आणि आपण फ्रेम म्हणून ओळखलेले पांढरे निदान काही अंशी सॅबिनोचे असू शकते. हे मी छातीठोकपणे सांगत नाही, कारण वर्णन म्हणजे तपासणी नव्हे. एवढे मात्र निश्चित की चार वर्षे जगलेल्या घोड्यात फ्रेमच्या दोन प्रती नाहीत. ‘प्राणघातक पांढरे’ हे नाव पांढरेपणाला दिलेले नाही, त्या दोन प्रतींना दिलेले आहे. म्हणूनच पांढरे शिंगरू जन्मले की ते मरणारच असे मानून घाईने त्याचा शेवट करणे ही तितकीच मोठी चूक ठरेल. पहिली काळी, चिकट विष्ठा बाहेर पडते का आणि पोट फुगते का, याकडे पशुवैद्याच्या देखरेखीखाली आधी पाहिले पाहिजे.

पोटाचा आणि अंगावरच्या रंगाचा संबंध काय, असे आपण उपरोधाने विचारले आहे. प्रश्न रास्त आहे, आणि या विषयातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भागही तोच आहे. पांढरा हा घोड्याच्या अंगावर चढलेला रंग नसतो; तिथे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशीच नसतात. गर्भात या पेशी पाठीच्या रेषेलगत, न्यूरल क्रेस्ट नावाच्या पट्टीत जन्मतात आणि तिथून पोट, पाय आणि तोंडाच्या दिशेने प्रवास करतात. जिथवर त्या पोहोचत नाहीत तो भाग पांढरा राहतो, म्हणून कपाळ, नाकाडे आणि खुरांवरचा भाग आधी पांढरा दिसतो. आतड्याच्या हालचाली चालवणाऱ्या चेतापेशीही याच पट्टीतून निघतात. ईडीएनआरबी जनुकातून तयार होणारा ग्राहक (पेशीवरचे, संदेश टिपणारे प्रथिन) दोन्ही प्रकारच्या पेशींना लागतो. एक प्रत बिघडली तर अंगावर बहुधा पांढरे उमटते. दोन्ही बिघडल्या तर मोठ्या आतड्यात चेतापेशी पोहोचतच नाहीत, विष्ठा पुढे सरकत नाही, आणि शिंगरू काही तासांत पोटशुळाने तळमळू लागते. त्यावर उपचार नाही. हा बदल 1998 साली सापडला. स्प्लॅशच्या काही घोड्यांत बहिरेपण दिसते, त्याचे कारणही याच जातीचे आहे, कारण आतल्या कानालाही रंगद्रव्य-पेशी लागतात.

हा प्रवास गर्भात घडतो आणि त्यात योगायोगाचा वाटा मोठा असतो. एकाच घोड्यापासून तयार केलेल्या क्लोनांच्या पांढऱ्या खुणाही एकसारख्या येत नाहीत. जनुके तीच असताना खुणा बदलत असतील, तर खुणांवरून जनुक ओळखण्याची खात्री आपण कुठून आणायची? पाठ्यपुस्तकातली फ्रेम ओळखणे सोपे आहे : कुशीवर आडवे, कातरलेल्या कडांचे पांढरे, पाठीचा कणा आणि पाय गडद, तोंड बरेच पांढरे, डोळे अनेकदा निळे. पण मिनिएचर घोड्यांत टोबियानो सर्रास आढळतो, आणि तो पाय पांढरे करतो आणि पाठीवरून पांढरे पलीकडे नेतो, म्हणजे फ्रेमच्या दोन मुख्य खुणा पुसून टाकतो. उरते पांढरे तोंड आणि निळा डोळा, आणि ते तर स्प्लॅशही देतो.

उलट बाजू त्याहून फसवी आहे. माझ्याकडे एक तांबडी घोडी होती. कपाळावर अंगठ्याएवढा टिळा आणि मागच्या एका खुरावर बोटभर पांढरी कड, एवढेच तिच्या अंगावरचे पांढरे. तिला मी बिनधास्त ‘एकरंगी’ म्हणत असे. तपासणीसाठी आयाळीतले वीस-पंचवीस केस उपटले. केसाच्या टोकाशी मुळाची बारीकशी पांढुरकी गाठ दिसली तरच तो केस कामाचा, कापलेले केस चालत नाहीत. फ्रेमची एक प्रत आहे असे उत्तर आले. मी ते मानायला तयार नव्हतो, म्हणून पुन्हा केस पाठवले. उत्तर तेच आले. तिला एखाद्या ठसठशीत फ्रेम नराला लावताना मला कणभरही शंका आली नसती, हे कबूल करायला आजही जड जाते.

‘रंग डोळ्यांनी कळतो, मग नक्षी का नाही?’ असे विचारून आपण सोनेरी आयाळीच्या तांबड्या पोनीचे उदाहरण दिले आहे, पण रंगही नेहमी कळतोच असे नाही. सिल्व्हर हे जनुक फक्त काळ्या रंगद्रव्यावर काम करते, त्यामुळे काळी आयाळ असायला हवी होती अशा बे (तपकिरी अंगाच्या) घोड्याची आयाळ फिकट होते आणि तो हुबेहूब सोनेरी आयाळीचा तांबडा वाटतो. गुडघ्याखालचा पाय अंगापेक्षा गडद, चॉकलेटी दिसला तर शंका घ्यावी. खऱ्या तांबड्या घोड्यात तेच जनुक काहीही न दाखवता राहते आणि पुढच्या पिढीला दिले जाते. या जनुकाबरोबर डोळ्यांचे जन्मजात दोष येतात आणि दोन प्रती असल्यास ते अधिक तीव्र असतात, म्हणून हा प्रश्न केवळ शोभेचा नाही.

आपला अनुभव मी नाकारत नाही. कोणत्या घोडीची शिंगरे सुदृढ निपजतात, कोणत्या नराचे पाय सरळ उतरतात, हे मला आपल्याकडूनच शिकावे लागेल. त्या जोडीबद्दल मात्र एक सोय आपल्या बाजूची आहे : दोघांची तपासणी एकदम करण्याची गरज नाही, आधी एकाचीच पुरे. प्राणघातक शिंगराला दोन्हीकडून एकेक प्रत लागते, त्यामुळे एकात जरी फ्रेम नाही असे निघाले, तरी या जोडीपुरता प्रश्न मिटतो. सुरुवात नरापासून करावी, कारण तो इतर माद्यांनाही लावला जातो, आणि त्याच्यात फ्रेम नाही असे निघाले, तर त्या एका उत्तरात त्या सगळ्या जोड्यांचे उत्तर मिळून जाईल.