खुलासा : अमेरिकन आर्मी रिझर्व्हचे पॉइंट्स आणि ‘तीन वर्षांची मुदत’

अमेरिकेतल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : रिझर्व्हमध्ये (सैन्याच्या अर्धवेळ राखीव दलात) वीस वर्षं नाव असलं की पेन्शन पक्कं, आणि सेवेबद्दल मिळणाऱ्या पॉइंट्सची नोंद चुकली तर तीन वर्षांनी ती सुधारता येत नाही. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

पेन्शनसाठी वीस वर्षं मोजतात ती दर वर्षी किमान ५० पॉइंट्स मिळालेली. शिवाय वर्ष जानेवारीत नव्हे, सेवेत दाखल झालेल्या तारखेपासून सुरू होतं (खंड पडला तर ही तारीखच बदलते). नुसत्या सदस्यत्वाचे १५ पॉइंट्स, ड्रिलच्या (नेहमीच्या सरावाच्या) एका वीकेंडचे सहसा ४, आणि वार्षिक प्रशिक्षणाच्या दर दिवसाला १. म्हणजे सदस्यत्वाचे १५, ५ वीकेंडचे २० आणि प्रशिक्षणाचे १४ धरून ४९ भरले, तर एका पॉइंटसाठी ते वर्ष हुकतं!

चुका बहुतेक बदलीच्या वेळी होतात. नियमित सैन्यातून किंवा नॅशनल गार्डमधून (राज्यांच्या राखीव दलातून) येताना डीडी २१४ हा आधीच्या सेवेचा दाखला नोंदीत चढवायचा राहून जातो. डीए ५०१६ हे पॉइंट्सचं विवरण दरवर्षी तपासा. पॉइंट्स कमी दिसले तर ड्यूटीचे नुसते आदेश पुरावा म्हणून कमी पडतात. ड्यूटी प्रत्यक्ष केल्याचं दाखवणारी त्या महिन्याची वेतनपावती जोडा, बिनपगारी कामासाठी सही असलेला डीए १३८० हा ड्यूटी-नोंदीचा फॉर्म.

दुरुस्तीसाठी आधी आपलं युनिट, मग फोर्ट नॉक्सची ह्यूमन रिसोर्सेस कमांड (सैन्याचं कर्मचारी-नोंदींचं कार्यालय). तिथं काम झालं नाही तरच डीडी १४९ हा अर्ज भरून सैन्याच्या रेकॉर्ड-दुरुस्ती मंडळाकडे जायचं. तीन वर्षांची मुदत आहे ती या अर्जाला, तीही चूक लक्षात आल्यापासून, आणि न्यायाच्या दृष्टीनं मंडळ ती माफ करू शकतं.

तो मेसेज पुढे पाठवू नका. पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.