दाजी कुठल्या पेठेचे?

लग्न जमवताना आमच्या घरच्यांनी पत्रिका बघितली, गोत्र बघितलं, मुलीच्या मामाची जमीन बागायत आहे की जिरायत हेही खोदून खोदून विचारलं. तालीम मात्र कुणी विचारली नाही. मी मंगळवार पेठेतला आणि बायकोचं माहेर शिवाजी पेठेत. रमतगमत चालत गेलं तरी घाम येत नाही एवढंच अंतर. पण थंडी पडली आणि फुटबॉलचा हंगाम सुरू झाला, की मे संपेपर्यंत हेच अंतर पार करताना छातीत धडधडतं.

बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. त्याच्या मते कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, कुस्ती, चप्पल आणि तांबडा-पांढरा. यात फुटबॉल कुठून घुसला? अहो, तो तालमीच्याच दारातून आत आला. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही इथल्या फुटबॉल संघांची नावं आहेत. आजोबांनी ज्या हौद्यात अंगाला माती लावली, त्याच तालमीची जर्सी नातू घालतो. त्यामुळे संघ हरला की अकरा पोरं हरत नाहीत, घराणं हरतं. 18 डिसेंबर 2022 च्या रात्री अर्जेंटिनाने फ्रान्सला टायब्रेकरवर हरवलं तेव्हा इथे फटाके असे वाजले, की मेस्सीची आजी गंगावेशीत राहते असं नवख्याला वाटावं. पण अर्जेंटिना-ब्राझील हे चार वर्षांतून एकदाचं. तिथे बाजू बदलली तरी चालते. तालीम बदलता येत नाही. मतदान गुप्त असतं, तालीम नसते.

तर यंदा व्हायचं ते झालं. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटात 16 संघ खेळतात. त्यांच्या सामन्यांना अख्खं शहर लोटतं, पेपरात फोटो येतात. आमची तालीम लहान, खालच्या गटातली. सासुरवाडीची तालीमही तशीच. आणि वर कोण जाणार हे ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्यात नेमक्या ह्याच दोघी समोरासमोर आल्या. (दोन्ही नावं मी लिहिणार नाही. कुणाचं नाव आधी लिहायचं यावरून घरात पुन्हा सुरू होईल.)

सामना छत्रपती शाहू स्टेडियमवर. मी कुठे बसायचं? आमच्या पेठेच्या बाजूला बसलो, तर समोरून मेव्हणा बघणार. तो तिकडे हलगीवाल्याच्या शेजारी उभा असतो आणि त्याची नजर घारीची आहे. सासुरवाडीच्या बाजूला बसलो, तर आमच्या गल्लीत दुसऱ्या दिवशी दाढी करायला न्हावी मिळणार नाही. तटस्थ प्रेक्षकांसाठी स्टेडियमवर वेगळी जागा नाही, कारण तटस्थ प्रेक्षक नाहीत. मी ‘बँकेत ऑडिट आहे’ म्हणायच्या तयारीत होतो, तेवढ्यात बायकोने आतून सांगितलं, “आईनं जेवायला बोलावलंय. मटण आणलंय. सामना तिथंच बघू.” सामना रविवारी होता, त्यामुळे ऑडिटही बारगळलं.

सासऱ्यांना मी मामा म्हणतो. मामा तरुणपणी लेफ्ट आऊट खेळायचे. आता गुडघा आऊट आहे. ते स्टेडियमवर जात नाहीत, आणि मोबाईलवरही बघत नाहीत. “त्या जागेवर रावणेश्वराचं तळं हुतं तवापासनं मी त्या जागंला वळखतोय,” असं म्हणून ते खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतात. आम्ही बाकीचे मोबाईलभोवती. मैदानावरच्या कुणीतरी पोराने स्टँडवर फोन लावून सामना लाइव्ह दाखवायची सोय केली होती. चित्र बरं होतं. अडचण एवढीच, की चित्र अर्धा मिनिट मागे होतं, आणि स्टेडियमचा आवाज मात्र खिडकीतून जेव्हाचा तेव्हा येत होता.

याचा अर्थ काय होतो हे पहिल्या गोलाला कळलं. मोबाईलवर आमचा बॅक निवांत थ्रो-इन घ्यायला चेंडू पुसत होता. इतक्यात गल्लीच्या टोकाला फटाक्यांची लड लागली. मामा खुर्चीतून अर्धे उठले आणि म्हणाले, “आपला.” झालं. पुढचं अर्ध मिनिट सगळं घर दात विचकून आमच्या बॅककडे बघत होतं, आणि त्या बिचाऱ्याला काहीच पत्ता नव्हता. त्याने थ्रो टाकला, तो यांच्या पोराने पकडला, आणि मग जे व्हायचं ते झालं. मी टाळ्या वाजवल्या. जावयाने वाजवाव्यात तेवढ्याच.

उत्तरार्धात उलट झालं. लांबून, मंगळवार पेठेच्या अंगाने, गडगडाट आला. मामा हलले नाहीत. नुसते म्हणाले, “हा आवाज आपला न्हवं.” सासूबाई वाढता वाढता थांबल्या. मेहुणी मोबाईलकडे बघून म्हणाली, “पप्पा, गप बसा की, अजून काय झालं न्हाई!” आणि खरंच काही झालेलं नव्हतं. पडद्यावर चेंडू यांच्याच पायात होता. माझ्या पोटात मात्र लाडू फुटलेला. आनंद लपवायला मला अर्धं मिनिट मिळालं होतं, आणि जगात याहून लांब अर्धं मिनिट नसेल. मी ताटात मान घालून नळी चोखत राहिलो. गोल झाला तेव्हा ‘अरेरे’ म्हणायचं ठरवलं होतं. तोंडातून ‘अरे वा’च्या जवळचं काहीतरी निघालं, आणि बायकोने टेबलाखालून पायावर पाय दिला.

एक-एक. जादा वेळ. मग टायब्रेकर.

आता मामांना ऊत आला. खिडकीत कान देऊन ते निकाल सांगायला लागले. “गेला.” अर्ध्या मिनिटाने पडद्यावर चेंडू जाळीत. “बाहीर.” अर्ध्या मिनिटाने चेंडू गोलच्या आडव्या बारवरून. मेहुणी रडकुंडीला आली. “पप्पा, तुमच्या पाया पडतो, सांगू नका!” (आमच्याकडे पोरीबाळीसुद्धा ‘पडतो’ म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये.) शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली, ती मोबाईलकडे न बघता थेट मामांनाच विचारायची, “आता काय हो?”

शेवटची किक यांची. मारली तर पुढे चालू, चुकली तर आम्ही वर. खिडकीतून आधी काहीच आवाज आला नाही. आणि मग लांबून, फार लांबून, पुंगळ्या काढलेल्या गाड्यांचा फाट् फाट् आवाज सुरू झाला. मामा उठले, खिडकी लावली आणि आत गेले. पडद्यावर यांचा पोरगा तेव्हा चेंडूवर पप्पी घेऊन तो जागेवर ठेवत होता. सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळे बघत होते. सासूबाईंनी तर हात जोडले. आमच्या गोलकीपरने उजवीकडे झेप घेतली, चेंडू त्याच्या मनगटाला लागून खांबाबाहेर गेला, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“काय झालं ओ?” बायकोने विचारलं.

“रस्सा तिखट लागला.”

“पांढरा हाय त्यो,” सासूबाई म्हणाल्या.

मेव्हणा तासाभराने आला. घसा गेलेला, कपाळावरचा टिळा घामाने नाकापर्यंत उतरलेला. त्याला रात्री इंग्लंडचे सामने बघायचा नाद आहे. दुःखात माणसाला मोठ्या माणसांची दुःखं आठवतात, तसं त्याने सुरू केलं. “दाजी, सुंदरलँड बघा. 2017 ला प्रीमियर लीगमधनं खाली आली, पुढच्या वर्षी आणि एक पायरी खाली. वर यायला आठ वर्षं गेली. 24 मे 2025, वेम्बली. शेफिल्ड युनायटेड एक-शून्यनं पुढं. म्हटलं संपलं. तर एक-एक केला, आणि जादाच्या मिनिटांत टॉम वॉटसननं दुसरा घातला. एका सामन्यात कोट्यवधी पौंड! माणसं रडत हुती.”

“आठ वर्षं?” आतून मामांचा आवाज. “तवर मी असणार हाय का?”

“आणि गंमत म्हंजे, त्या वॉटसनचं आधीच ब्रायटनला जायचं ठरलेलं. जाता जाता गोल घालून गेला.”

आता मामा बाहेरच आले. दुसरीकडे जायचं ठरलेल्या पोराला निर्णायक सामन्यात खेळवतात, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात शिरेना. आमच्याकडे खेळाडूंची नोंदणी सुरू झाली, की अमुक तालमीचा पोरगा तमुक तालमीत गेला याची बातमी होते, आणि त्या पोराच्या आईला भाजी आणायला दुसऱ्या गल्लीने जावं लागतं. “आमच्यात त्याला घरातनं भाईर पडू दिलं नसतं,” मामा म्हणाले आणि पान जुळवायला लागले. घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मी संधी साधून निघालो. बायको म्हणाली, “मी आज हितंच राहतो.” का, ते विचारायची माझी टाप नव्हती. सासूबाईंनी रश्श्याचा डबा मात्र हातात दिला. हरले तरी जावई तो जावई.

खरी कॉर्नरपर्यंत गाडी चालली. पुढे मिरवणूक. खालच्या गटातून वर आलेल्या संघाची मिरवणूक ही वर्ल्ड कप जिंकलेल्या संघापेक्षा मोठी असते, कारण वर्ल्ड कपवाल्यांना पुन्हा जिंकायची आशा असते. हलगी, घुमकं, कैताळ एका बाजूला, साउंड सिस्टिम दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या मधे हवालदार कानात बोटं घालून. गुलाल इतका, की दूध कट्ट्यावर उभी असलेली म्हैस शिंगांपासून शेपटीपर्यंत गुलाबी झाली होती. ती शांतपणे रवंथ करत होती. मालक कासेवर टॉवेल धरून ओरडत होता, “धारा काढायच्या हाईत अजून! स्ट्रॉबेरी म्हणून विकू काय?”

मला वाटलं होतं, बोळातून सटकावं. पण गल्लीतल्या पोरांनी बघितलं.

“काका! कुठं हुतासा? स्टेडियमवर दिसला न्हाईसा!”

या प्रश्नाचं खरं उत्तर दिलं असतं, तर हा लेख माझ्या मुलाला लिहावा लागला असता. “मटण आणायला गेलतो,” मी म्हणालो. ते अगदीच खोटं नव्हतं. दोघांनी मला उचललं, गाडी तिसऱ्याने घेतली आणि डबा चौथ्याने. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर मधोमध आमचा गोलकीपर, गळ्यात हार, मनगटाला रुमाल बांधलेला. सकाळी पेपर टाकतो, दुपारी गॅरेजमध्ये असतो. दिवसभर त्याने फक्त लिंबू चोखलं होतं म्हणे. डबा त्याच्यासमोर उघडला गेला. त्याने झाकणात पांढरा रस्सा ओतून घेतला, एका दमात प्याला, तोंड पुसलं आणि माझ्या पाया पडला.

“काका, काय चव हाय! वैनीच्या हाताला तोड न्हाई!”

ज्या घराची शेवटची किक त्याने अडवली, त्याच घरचा रस्सा. सगळा संपवला. डबा अजून मिळालेला नाही, आणि सासूबाई दर फोनला त्याची चौकशी करतात.

मला वाटलं संपलं. पण वर जाणं म्हणजे काय, हे मला पुढच्या आठवड्यात समजलं. पोरं पावतीपुस्तक घेऊन आली. मी नेहमीची रक्कम काढली. पोरांनी ती हातात घेऊन उलटी-सुलटी बघितली.

“काका, हे खालच्या गटाचं झालं.”

मग हिशोब ऐकवला. नवीन जर्सी, बूट, ट्रेनर, सरावाला चेंडू, पोरांना अंडी-केळी. वरच्या गटात मोठ्या तालमी नायजेरियाचे खेळाडू आणून उभे करतात, तिथे आपण काय लिंबू चोखत उभं राहायचं? आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, तसा उद्या आपल्या गल्लीतनं एखादा निघाला तर? ह्यापुढे माणूस काय बोलणार? मी आणखी नोटा काढल्या. पाकीट आत ठेवत होतो, तेव्हा त्यातला एक माझ्या जिन्याकडे बघत म्हणाला, “माडीवरची खोली रिकामीच हाय न्हवं? परदेशी प्लेयर आला तर राहायला...”

“बघू,” मी म्हणालो. कोल्हापुरात ‘बघू’ म्हणजे हो.

ती बाहेर पडतात न पडतात तोच मेव्हणा आत आला. हातात पावतीपुस्तक, रंग वेगळा. दारात दोन्ही तालमी एकमेकींच्या अंगाला अंग न लावता पार झाल्या.

“दाजी, टीम बांधायला लागलोय. पुढच्या वर्षी वर यायचंच. तुमच्या नावानं किती लिहू?”

मी म्हणालो, अरे बाबा, आत्ताच एकदा झालं की. शिवाय मी मंगळवार पेठेतला, तुमच्या पुस्तकात माझं नाव कसं चालेल? गल्लीत कळलं तर मला कोण सोडेल?

“ह्यांचं नाव कशाला?” स्वयंपाकघरातून हात पुसत बायको बाहेर आली. तिने माझ्या खिशातून पाकीट काढलं, आमच्या तालमीची पावती उघडून रक्कम वाचली, आणि भावाला म्हणाली, “माझ्या नावानं फाड. माहेरचं आडनाव घाल. आणि ह्यांच्यापेक्षा पाचशे जास्त लिही.”