‘पुण्यात बसून’ लिहिण्याबद्दल

‘माणकाठचा’ या नावाने लिहिणारे वाचक,

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया शनिवारी रात्री आली आणि मी ती लगेच प्रसिद्ध केली, एक शब्दही न गाळता. हे मुद्दाम सांगतो, कारण शेवटी तुम्ही ‘हिंमत असेल तर छापा’ असं लिहिलं आहे. इतकी वर्षं इथे लिहितो आहे, शिवीगाळ सोडली तर कुणाची प्रतिक्रिया अडवलेली नाही. हिंमतीची गोष्ट काढायचीच असेल तर आधी खाली स्वतःचं नाव तरी लिहायचं होतं.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचे, शेतकरी कामगार पक्षाचे माजी आमदार गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबासाहेब, ३० जुलै २०२१ रोजी गेले. १९६२ साली ते पहिल्यांदा विधानसभेत गेले, २०१४ साली अकराव्यांदा. समन्यायी पाणीवाटप, रोजगार हमी आणि आमदाराने लोकांमध्ये कसं राहावं, याबद्दल त्यांची मतं काय होती आणि ती आज का आठवावीत, एवढाच माझ्या लेखाचा विषय होता. त्यावर तुमचं म्हणणं असं : लेख भाबडा आहे, ‘सलग अकरा वेळा’ हे चूक आहे, सांगोल्याच्या सूतगिरणीवर आणि पक्षाच्या आजच्या अवस्थेवर मी गप्प आहे, आणि आबासाहेब सत्ताधाऱ्यांबरोबर गेले असते तर सांगोल्याला पाणी वीस वर्षं आधी आलं असतं. शिवाय हे एक वाक्य, तुमच्याच शब्दांत : ‘पुण्यात बसून, घरात नळाला पाणी येतं म्हणून तुम्हाला दुष्काळी आमदाराच्या साधेपणाचं कौतुक सुचतं.’

‘सलग’ हा शब्द चुकला. १९७२ ला ते पडले होते, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परत आले. १९९५ ला पुन्हा पडले, १९९९ ला परत आले. शब्द काढून टाकला आहे, तिथे तुमचे आभारही मानले आहेत. ही चूक मला जास्त लागली. कारण बहात्तरच्या दुष्काळात आबासाहेब आमदार नव्हते, हे तरी मी विसरायला नको होतं.

आता पुण्याचं.

बहात्तर साली मी सात वर्षांचा होतो. आमची वस्ती घेरडीच्या बाजूला, माळावर. विहिरीत खाली उतरून वाटीने पाणी भरायचं, तेही गढूळ, आणि घागर भरायला तासभर बसायचं. त्या वर्षी आई बंडिंगच्या, म्हणजे शेतांना बांध घालायच्या, कामावर गेली, नंतर खडी फोडायला. दुपारच्या सुट्टीत सुकडी मिळायची. आई स्वतःच्या वाटणीतली अर्धी फडक्यात बांधून आमच्यासाठी आणायची. त्या पिठाचा वास अजून माझ्या नाकात आहे. खडी फोडताना एक दिवस हातोडी अंगठ्यावर बसली. नख गेलं आणि पुन्हा उगवलं ते मधोमध दुभंगलेलं. ती वारली तेव्हा मी तिचा हात हातात घेऊन बसलो होतो, तेव्हाही ते नख तसंच होतं. एका मुकादमाने तिची दोन आठवड्यांची हजेरी मांडलीच नाही. विचारायला गेली तर उद्यापासून येऊ नको म्हणाला. काम हा तेव्हा हक्क नव्हता, सरकारची मेहरबानी होती. कुणाकडे दाद मागणार?

म्हणून १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला त्याची किंमत मला पुस्तकातून कळलेली नाही. वि. स. पागे विधान परिषदेचे सभापती, त्यांनी ती कल्पना लावून धरली. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकार भत्ता द्यायचा, हे महाराष्ट्राने कायद्यात लिहिलं. देशाला तसा कायदा करायला २००५ साल उजाडलं. आबासाहेब नंतर याच रोजगार हमी खात्याचे मंत्री झाले. ते हमीबद्दल बोलत तेव्हा ते माझ्या आईच्या त्या दोन आठवड्यांबद्दल बोलतायत असंच मला वाटायचं. याला तुम्ही भाबडेपणा म्हणता. म्हणा. पण मग तो भाबडेपणा कुठून आला हेही ऐकून घ्या.

मी पुण्यात आलो १९८४ साली, भोसरीच्या एका कारखान्यात. हौस म्हणून आलो नाही. दोन एकर खडकाळ जमिनीत तिघा भावांचं भागणार नव्हतं, म्हणून आलो. सांगोला, आटपाडी, जत, मंगळवेढा इथल्या किती घरांतला एकेक मुलगा पुण्या-मुंबईत आहे, हे माण नदीकाठच्या माणसाला मी सांगायचं? आणि रोजगार हमीचा पैसा कुठून उभा राहिला तेही ठाऊक असेलच. १९७५ साली व्यवसाय कर लावला तो त्याचसाठी. निवृत्त होईपर्यंत माझ्या पगाराच्या स्लिपवर ती ओळ दर महिन्याला होती, शेवटी शेवटी दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे. कारखान्यातले बाकीचे त्या ओळीवर कुरकुरायचे. मी कधी कुरकुरलो नाही. शहरातल्या पगारदाराने दुष्काळातल्या मजुराच्या हजेरीला पैसे द्यायचे, हा त्या करामागचा विचार. तेव्हा ‘पुण्यात बसून’ हा टोमणा निदान या विषयात मारू नका. तो लागतो, म्हणून सांगतो.

आणि नळाला पाणी येतं म्हणता. येतं. ज्या दिवशी पहिल्यांदा भाड्याच्या खोलीत नळ सोडला त्या दिवशी आई आलेली होती. तिने नळाखाली बादली लावली, भरली तरी नळ बंद करेना. नुसती बघत उभी राहिली. हे मी कधी कुठे लिहिलं नव्हतं. आज तुमच्यामुळे लिहिलं.

पाण्याच्या मुद्द्याकडे येतो. सत्तेत गेले असते तर वीस वर्षं आधी पाणी आलं असतं, असं तुम्ही इतक्या खात्रीने लिहिता की जणू पाणी मुंबईत एखाद्या कपाटात ठेवलेलं होतं आणि किल्ली तेवढी मागायची राहिली. पहिली गोष्ट, ते सत्तेत गेले होते. १९७८ ला शरद पवारांच्या पुलोद आघाडीच्या मंत्रिमंडळात आणि १९९९ ला विलासराव देशमुखांच्या. पाटबंधारे खातं त्यांच्याकडे नव्हतं, पण मंत्री होते. तेव्हा ‘गेले असते तर’ हे वाक्यच मुळात टिकत नाही.

दुसरी गोष्ट तुम्ही शेजारी पाहून तपासा. सत्तेने पाणी येतं ना? मग सांगली जिल्हा बघा. वसंतदादा पाटलांसारखा मुख्यमंत्री त्या जिल्ह्याचा. तासगावचे आर. आर. पाटील उपमुख्यमंत्री झाले, गृहमंत्री झाले. ताकारी-म्हैसाळ या उपसा योजनांचं काम ऐंशीच्या दशकात सुरू झालं. आणि जत? २०१२ साली जतच्या पूर्व भागातल्या गावांनी पाणी मिळत नाही म्हणून कर्नाटकात जाण्याची भाषा केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तोच धागा पकडून त्या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा सगळ्या वाहिन्यांना जत कुठे आहे ते कळलं. मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्री देणाऱ्या जिल्ह्यात शेवटच्या गावाला इतकी वर्षं लागली. मग सांगोल्याच्या उशिराचं खापर एकट्या विरोधी आमदाराच्या डोक्यावर कसं फोडता?

खरं कारण वेगळं आहे आणि ते आबासाहेबांना कळलेलं होतं, म्हणून तर त्यांच्या मतांवर लेख लिहिला. कृष्णेचं पाणी बच्छावत लवादाने राज्यांत वाटून दिलं, महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) आलं. ते २००० सालापर्यंत अडवून वापरात आणायचं होतं. पण राज्याच्या वाट्याचं पाणी राज्यात कुणाला, हा प्रश्न लवादाने सोडवलेला नव्हता. नदीकाठाला उसाचं रान, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या आमच्यासारख्यांच्या वाट्याला टँकर. १९९३ साली आटपाडीत पाणी परिषद भरली, क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर आणि आबासाहेब एका व्यासपीठावर आले. तेरा दुष्काळी तालुक्यांना कृष्णेचं पाणी द्या, आणि ते समन्यायी पद्धतीने द्या, ही मागणी तिथून लावून धरली गेली. कृष्णा खोरे महामंडळ स्थापन झालं ते १९९६ साली. आधी परिषद, मग महामंडळ, हा क्रम तुमच्या प्रतिक्रियेत उलटा झाला आहे. लोकांनी मागितलं नसतं तर कराडजवळच्या टेंभूचं पाणी उचलून आटपाडी-सांगोल्याकडे न्यायचा विचार कुणी केला असता, मला शंका आहे.

आणि ‘समन्यायी’ हा शब्द म्हणजे भाषणातली फोडणी, असं तुम्ही लिहिलं आहे. तो शब्द मी आटपाडीतच ऐकला. नोकरीतून चार दिवसांची रजा काढून, मेहुण्याच्या सायकलवर डबलसीट गेलो होतो. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, हा कालव्याचा आजवरचा कायदा. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने सत्तरच्या दशकात त्याला पहिला धक्का दिला, माणशी अर्धा एकर आणि ऊस नाही. आमच्या तेरा तालुक्यांत तोच विचार मोठ्या योजनांवर लावायचा होता. प्रत्येक कुटुंबाला पुरेल इतकं पाणी आधी, उरलं तर बाकीच्यांना. माझ्यासारख्या दोन एकरवाल्याच्या पोराला हे ऐकताना काय वाटलं असेल? पाणी आलं की नाही याइतकंच ते कुणाला आलं, हेही विचारायचं असतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला विचारा, आवर्तन (ठरल्या पाळीचं पाणी) सुटलं म्हणजे काय. वरच्या मोटारी ओढत असतात, चारी, म्हणजे शेताकडे जाणारा पाट, खाली येईपर्यंत कोरडी.

आबासाहेबांच्या एसटीच्या प्रवासाला तुम्ही ‘प्रदर्शन’ म्हटलंय. पन्नास वर्षं रोज कुणी प्रदर्शन करत नाही. दुसरं काय सांगू.

उपसा योजनांच्या वीजबिलांबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. थकबाकीमुळे पंप बंद पडले, पिकं वाळली, आणि शेवटी ८१ टक्के सरकारने भरायचे, १९ टक्के पाणीपट्टीतून वसूल करायचे असं ठरलं. पण तो धोरणाचा प्रश्न आहे, एका माणसाच्या स्वभावाचा नाही. सूतगिरणीचं तुम्ही दोन ओळींत उरकलं आहे, तर मीही उरकतो. माझा लेख सूतगिरणीवर नव्हता. पक्ष, वारस, २०१९ चा निकाल, २०२४ चा निकाल, हे सगळं पारावर बोलायला ठीक आहे. आबासाहेबांच्या पाण्याबद्दलच्या मतांशी त्याचा काय संबंध ते तुम्ही सांगितलेलं नाही, म्हणून मी त्यात शिरत नाही.

एका जागी मात्र मी अडलो, ते सांगतो. तुम्ही लिहिलं आहे, ‘माझ्या बापाची डाळिंबाची बाग पाण्यावाचून जळाली, तेव्हा आम्ही कुणाची मतं चाटायची होती का?’ या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. आमच्या धाकट्या भावाची डाळिंबाची बाग तेल्या रोगाने गेली. हस्त बहार धरलेला होता, फळावर तेलकट डाग पडले आणि महिन्याभरात तडकून सगळी खाली. शेततळ्याच्या कागदाचं कर्ज तसंच राहिलं. तेव्हा त्याला मी फोनवर काहीबाही समजावत होतो आणि तो म्हणाला, दादा, तू ठेव आता फोन. तुमच्या वडिलांच्या बागेबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण तो राग तुम्ही चुकीच्या दारात आणून ओतलात, असंही वाटतं. आणि ‘चाटणे’ हा शब्द तुमच्या वडिलांसमोर तुम्ही वापरला असता का, विचार करून बघा. मी वयाने त्यांच्याच बरोबरीचा असेन.

यापुढे या विषयावर इथे लिहिणार असाल तर नावानिशी लिहा. सूतगिरणीबद्दल आकडे असतील, ताळेबंद असतील, तर पाठवा, स्वतंत्र लेख म्हणून घेईन आणि एक काना-मात्रा बदलणार नाही. दिवाळीनंतर मी आठवडाभर गावी आहे. धाकट्याने तेल्याच्या रानात आता शेवगा लावलाय. चारीला पाणी सुटलेलं असेल तर टेलपर्यंत चालत जाऊ, ते कुठपर्यंत पोचतं ते दोघं मिळून बघू. येताना नाव मात्र सांगा, म्हणजे भाकरी किती टाकायच्या ते वहिनीला कळेल.