एमआरएफचं धोपाटणं

आमचं वॉशिंग मशीन जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेलं. तेही पोटात बारा कपडे आणि अर्धा ड्रम फेसाळ पाणी घेऊन. पुण्यात तेव्हा पाऊस असा लागला होता की बाहेरचे कपडे वाळेनात आणि आतले धुवेनात. दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला, मशीनच्या पाठीत डोकं घालून पाच मिनिटं बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, “सर, पीसीबी गेलाय. पार्ट मागवावा लागेल. आठ-दहा दिवस धरून चाला.” जाताना दार तेवढं उघडून दिलं.

आतून बारा कपडे निघाले. अकरा किरकोळ होते. बारावी सोलापुरी चादर, डबल. ‘भिजत घोंगडं’ हे शब्द मी ऑफिसात दिवसातून दोनदा तरी वापरतो, पण भिजलेलं जाड कापड बादलीत उचलून टाकायची वेळ कधी आली नव्हती. ती चादर मी दोन्ही हातांनी, छातीशी धरून, लग्नात नवरीच्या मामानं नवरीला आणावं तशी बाथरूमपर्यंत नेली. पायजम्यापासून बनियनपर्यंत मीही भिजलो. म्हणजे धुणं बारावरून चौदावर गेलं.

कामाच्या मावशींनी दारातूनच निकाल दिला. “वहिनी, मी धुणं सोडलंय. कंबर गेली. भांडी सांगा, लादी सांगा, चपात्या पन्नास सांगा. धुणं नाही.”

आणि इथं मी तोंड उघडलं. “त्यात काय एवढं? मशीन यायच्या आधी काय लोक मळक्या कपड्यांत फिरत होते? हातानंच धूत होते ना?”

बायको काहीच बोलली नाही. लग्नाला चौदा वर्षं झाल्यावर हे लक्षण मला ओळखता यायला हवं होतं. आई लसूण सोलत होती. ती म्हणाली, “खरंय. माळ्यावर धोपाटणं आहे बघ. तूच धू.”

*

धोपाटणं निघालं जुन्या सूटकेसच्या मागून. हातभर लांब, खाली चांगलं वीतभर रुंद आणि चपटं, वर मूठ वापरून वापरून पेढ्यासारखी गुळगुळीत झालेली. आणि त्या चपट्या भागावर, निळ्या बॉलपेननं गिरवून गिरवून लिहिलेलं, फिकट पण वाचता येणारं: एमआरएफ.

अक्षर माझं, नक्कल सचिनच्या बॅटवरच्या स्टिकरची. साल १९९८. शारजात वाळूचं वादळ येऊन गेल्यावर सचिन जे काही करत होता ते त्या उन्हाळ्यात मी आमच्या अंगणात करत होतो, आणि बॅट परवडत नसल्यामुळे आईच्या धोपाटण्यानं करत होतो. आईला ते कळलं तेव्हा माझी खेळी तिनं त्याच बॅटनं संपवली होती. सत्तावीस वर्षांनी तीच वस्तू माझ्या हातात परत आली आणि आई बाथरूमच्या दाराशी प्लास्टिकचं स्टूल टाकून थर्ड अंपायरसारखी बसली.

आईचं माहेर वाईचं. ढोल्या गणपतीच्या पायथ्याशी कृष्णेच्या घाटावर ती फ्रॉकच्या वयापासून धुणं घेऊन जायची. त्यामुळे तिच्याकडे या विषयातलं जे ज्ञान आहे ते घराण्याचं आहे.

मी शर्ट पसरला आणि एक सणसणीत ठेवून दिला. धोपाटणं कडेवर पडलं, दुसरं बटण उडून जाळीतून थेट गटारात गेलं.

“मारू नकोस,” आई म्हणाली. “पडू दे.”

हे मला अध्यात्म वाटलं होतं, पण ते यंत्रशास्त्र निघालं. कपड्याची घडी घालायची, बटणं आणि हूक आतल्या बाजूला. साबण लावून वर पाण्याचा एक हबका. धोपाटणं उचलायचं तेवढं आपण. खाली ते स्वतःच्या वजनानं येतं आणि सपाट येतं. सपाट पडलं की कपड्यातलं पाणी जागच्या जागी दाबलं जातं, धाग्यांमधून जोरानं आरपार निघतं आणि जाताना मळ घेऊन जातं. कडेनं पडलं तर मळ राहतो आणि कापड जातं. प्रत्येक तीन-चार ठोक्यांनी घडी पालटायची. सगळी युक्ती मनगटात. आईनं बसल्या जागेवरून एकदा करून दाखवलं. तिच्या हातात त्याचा आवाज थप्प असा येत होता, माझ्या हातात ठॉक.

दहाव्या ठॉकला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे आजोबा होते. “रिनोव्हेशन किती दिवस चालणार आहे, तेवढं सांगा. म्हणजे आम्ही मुलीकडे जाऊन राहतो.”

मग मी धोपाटणं ठेवलं आणि आपटण्याकडे वळलो. पँट दोन टोकांनी धरायची, खांद्यावरून मागे न्यायची आणि दगडावर आणायची. पैलवान समोरच्याला खांद्यावरून फेकतो त्या डावाला धोबीपछाड म्हणतात ते उगीच नाही. महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून खाली पाहिलं की १८९० सालापासूनचा धोबीघाट दिसतो. एकेका हौदात उभा राहून एकेक माणूस हा डाव दिवसभर, न थकता टाकत असतो. पण त्यांच्या डोक्यावर आभाळ असतं. माझ्या डोक्यावर गीझर होता. पहिल्याच पछाडीला पँटचा पाय मागच्या फळीला लागला आणि शाम्पू, कंडिशनर, बायकोचं महागडं काहीतरी आणि माझं दाढीचं सामान अशी चौघांनी एकदम पाठ टेकली.

चादर बादलीतच होती. तिच्याकडे मी बघत नव्हतो, तीही माझ्याकडे बघत नव्हती.

*

रात्री खांद्याला मलम चोळून घेताना मी शिकल्या-सवरल्या माणसाला शोभेल असा मार्ग काढला. कपडे धुण्याऐवजी कपडे धुण्याचा इतिहास वाचायला घेतला.

त्यात माझी पहिली गाठ पडली ती जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या याकोब शेफर यांच्याशी. पेशानं धर्मोपदेशक, आवड अळंबी आणि किड्यांची. या गृहस्थांनी १७६७ मध्ये कपडे धुण्याच्या यंत्रावर एक पुस्तिका काढली. १७८२ मध्ये हेन्री सिजियर नावाच्या इंग्रजानं हँडलनं फिरणाऱ्या पिंपाचं पेटंट घेतलं. १८५८ मध्ये पिट्सबर्गच्या हॅमिल्टन स्मिथनं तसंच गरगर फिरणारं आणखी एक. अमेरिकेतल्या इंडियानात विल्यम ब्लॅकस्टोननं १८७४ मध्ये बायकोला वाढदिवसाची भेट म्हणून धुण्याचं यंत्र करून दिलं, असं सांगतात. वाढदिवसाला! हे मी मोठ्यानं वाचून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, “ती काय म्हणाली ते नाही का लिहिलेलं?” नव्हतं लिहिलेलं.

यंत्र घेण्याची ऐपत नसलेल्या इंग्लंडातल्या घरांत ‘डॉली’ असायची. नाव बाहुलीचं, पण वस्तू अशी: कमरेएवढा दांडा, वर धरायला आडवी मूठ, खाली तिपाईसारखी गोल फळी आणि तिला चार-सहा लाकडी पाय. पिंपात गरम पाणी, साबण आणि कपडे घालायचे आणि डॉली उभी करून डावी-उजवीकडे घुसळत बसायचं. चित्र पाहून आई म्हणाली, “रवी आहे ही. लोणी किती निघतं?” दुसरं एक अवजार होतं, काठीच्या टोकाला तांब्याची भोकाभोकांची घंटा. ती वरखाली दाबायची. घंटा खाली जाताना पाणी कपड्यात घुसतं, वर येताना ओढलं जातं. म्हणजे वाईच्या घाटावरच्या धोपाटण्याचंच तत्त्व, फक्त शेजाऱ्यांना ऐकू न जाणारं. खरखरीत नालीदार पत्र्याची फळीही होती, कपडे घासायला. पुढे अमेरिकेत लोक ती बोटांत अंगुस्तानं घालून वाद्य म्हणून वाजवायला लागले. हा तिचा सर्वांत चांगला उपयोग असावा असं ज्यानं एकदा कॉलर घासली आहे तो सांगेल.

वाचता वाचता एक गोष्ट खटकली. हे सगळे भले पुरुष कपडे हलवायच्या मागे लागले आहेत. घुसळायचे, फिरवायचे, उलथेपालथे करायचे. पण पिंपात कपडे शंभर वेळा फिरले तरी शेवटी ते जड, गळत, बर्फाळ पाण्यातून कुणीतरी उचलून पिळायचेच असतात, आणि ते कुणीतरी पेटंटच्या कागदावर कुठं दिसत नाही. पिळायला पुढं ‘मँगल’ आलं, उसाच्या गुऱ्हाळाचा चरक असतो तसे दोन लाकडी रूळ आणि बाजूला हँडल. कपडा मधून घालायचा, पलीकडे तो पापडासारखा बाहेर येतो आणि बटणं अलीकडेच राहतात. मी म्हणतो, बटणं गेली तर गेली. हा खरा शोध.

बायकोनं माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला हवं ते दोन मिनिटांत शोधलं. नवज्योत साहनी हा ब्रिटिश अभियंता तमिळनाडूतल्या एका गावात राहत होता. शेजारच्या दिव्या नावाच्या बाई रोज किती वेळ धुण्यात घालवतात हे त्यानं पाहिलं आणि त्यातून २०१८ मध्ये हँडलनं चालणाऱ्या, विजेशिवायच्या मशीनचं काम सुरू केलं. त्या मशीनचं नाव ‘दिव्या’. कल्पना घेतली ती कोशिंबिरीचा पाला गरगर फिरवून पाणी झटकायच्या भांड्यावरून. “बघ,” ती म्हणाली, “पाणी झटकायचं आधी सुचलंय त्याला. कारण त्यानं जी धुते तिच्याकडे बघितलं.”

मी उत्साहानं त्याच रात्री हँडलचं एक मशीन मागवलं. ते दिव्या नव्हतं. दिव्याची लांबची, प्लास्टिकची, फारसं न शिकलेली बहीण असावी.

*

शनिवारी खोकं आलं. पारदर्शक पिंप, बाजूला हँडल, खाली फरशीला चिकटणारे चार रबरी पाय. क्षमता दोन किलो, असं खोक्यावर छापलेलं. दोन किलोत माझी जीन्स, मुलाचा शाळेचा शर्ट, एक पांढरा मोजा, दुसरा पांढरा मोजा, आणि संपलं.

पहिले वीस फेरे मजेत गेले. मुलगा मोजत होता. चाळिसाव्या फेऱ्याला जीन्स ओली होऊन तळाशी बसली आणि पिंपाचा तोल एका बाजूला गेला. साठाव्या फेऱ्याला चारातले दोन पाय सुटले. मग मी हँडल फिरवलं की पिंप जागेवर राही आणि मी त्याच्याभोवती सरकू लागे, किंवा मी गच्च बसलो की पिंप मोरीच्या दिशेनं निघे. बंद पडलेल्या मशीनवर मिनिटाला १२०० फेरे असं लिहिलं आहे. मी मिनिटाला साठ काढत होतो, तेही घोडा जोडल्यासारखा फुरफुरत.

“रहाट आहे हा,” आई म्हणाली. “फक्त पाणी वर येत नाही.”

कपडे निघाले, खोटं कशाला बोलू. शर्टाच्या कॉलरची काळी रेघ सोडली तर बरे निघाले. फक्त मोजा एकच निघाला. पिंप पालथं केलं, झाकण झटकलं, जीन्सच्या पायात हात घालून पाहिला. नाही म्हणजे नाही. सोमवारी मुलगा एक पांढरा आणि एक मळखाऊ पांढरा मोजा घालून शाळेत गेला.

*

रविवारी चादरीला पर्याय उरला नाही. पाचवा दिवस होता. रोज पाणी बदललं होतं तरी तिला आता स्वतःचं व्यक्तिमत्त्व आलं होतं. पिंपात तिचा एक कोपराही मावत नव्हता. शेवटी बादलीतच पायांनी तुडवली, मुलानं आणि मी, आळीपाळीनं. ते काम तरी जमलं, आणि मुलाला आवडलंही. तीनदा खळबळून काढली.

मग पिळायची.

एकट्याचं काम नाही ते. मी एक टोक धरलं, बायकोनं दुसरं. बाल्कनीत समोरासमोर उभे राहिलो. सुती कापड भिजलं की स्वतःच्या वजनाहून जास्त पाणी धरून बसतं; ते सगळं पाणी आमच्या दोघांच्या मध्ये झोळीसारखं लोंबत होतं. बायको म्हणाली, “हं, उजवीकडे फिरव.”

इथं माझ्या मनात एक सुंदर विचार आला. उजवीकडे म्हणजे तिच्या उजवीकडे. ती समोर आहे, तिची उजवी ती माझी डावी. संसारात माणसानं दुसऱ्याच्या बाजूनं विचार करावा असं मला गेली चौदा वर्षं सांगितलं जात आहे. मी तो केला आणि डावीकडे फिरवायला लागलो.

चादर फिरत राहिली. सबंध चादर, दोरीवरच्या उड्यांच्या दोरीसारखी, आमच्या मध्ये गोल गोल. पीळ एकही पडेना. आम्ही दोघं अधिक जोर लावू लागलो, ती अधिक वेगानं फिरू लागली आणि पाण्याचे शिंतोडे खालच्या आजोबांच्या तुळशीपर्यंत गेले.

“अरे उजवीकडे!”

“तुझ्या उजवीकडेच फिरवतोय!”

“माझ्या कशाला? तुझ्या!”

आई आतून ओरडली, “दोघंही आपापल्या उजवीकडे! आपापल्या!”

आपापल्या उजवीकडे वळल्याबरोबर चादरीनं अंग आखडलं, मधोमध एक वेटोळं उभं राहिलं आणि पाण्याची धार सुटली. इतकं समाधान मला पहिला पगार हातात आला तेव्हा झालं नव्हतं. आणखी पीळ, आणखी धार. दंड थरथरत होते, तळहात लाल. शोषणाला ‘पिळवणूक’ हा शब्द पहिल्यांदा वापरला तो पिळणाऱ्याच्या बाजूनं की पिळल्या जाणाऱ्याच्या, असा एक भाषाशास्त्रीय प्रश्न मला पडला, आणि चष्म्यावर पाणी आलं म्हणून तो पुसायला मी एक हात सोडला.

वाचकांपैकी कुणी कधी घट्ट पिळलेल्या डबल चादरीचं एक टोक सोडलं असेल तर पुढचं सांगायला नको. कानाखाली ओल्या सोलापुरी चादरीची जी बसली तिची नक्षी, बायको म्हणते, संध्याकाळपर्यंत वाचता येत होती.

पार्ट दहाच्या ऐवजी सोळा दिवसांनी आला. मशीन पुन्हा घुमायला लागलं तेव्हा आम्ही चौघंही त्याच्यासमोर खुर्च्या टाकून पूर्ण चक्र बघत बसलो. धोपाटणं आईनं माळ्यावर जाऊ दिलं नाही; ते आता बाथरूमच्या दाराआड उभं असतं.

हँडलचं पिंप सोसायटीनं गणपतीत लकी ड्रॉसाठी मागून नेलं. पारदर्शक असल्यामुळे कुणाला संशयाला जागा नाही, असं सेक्रेटरी म्हणाले. चौऱ्याऐंशी चिठ्ठ्या आत टाकल्या, खालच्या आजोबांना मानानं हँडल फिरवायला दिलं. त्यांनी मोजून अकरा फेरे मारले, झाकण उघडलं, डोळे मिटून हात घातला आणि सगळ्या मांडवासमोर एक पांढरा मोजा बाहेर काढला.