काविळीची माळ, सदाफुली अन् हत्थाजोडी: ‘सात गुपितं’वाल्या मेसेजला उत्तर

पोळ्याच्या आसपास एक लांबलचक मेसेज सुरू झाला अन् आता नागपुरातल्या कोणत्याही फॅमिली ग्रुपवर तो सापडतो. नाव आहे ‘पूर्वजांची सात गुपितं, दवाखान्याला रामराम’. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: काविळीला मंतरलेली माळ घाला आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवा, शुगरला रोज सदाफुलीची पानं चावा, साप चावला तर सर्पगंधा नाहीतर ईश्वरीचं मूळ उगाळून पाजा, गुळवेलीचा काढा कितीही प्या, बाळंतपण अडलं तर कळलावीची मुळी द्या, पैशासाठी तिजोरीत हत्थाजोडी ठेवा, आणि सातवं म्हणजे हे सगळं निसर्गाचं असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य, डॉक्टर लोक मुद्दाम लपवतात.

माझं मेडिकलचं दुकान आहे. लोक हा मेसेज काउंटरवर उघडून दाखवतात अन् विचारतात, भाऊ खरं आहे का हे? गर्दीत उभ्या उभ्या एवढं सांगणं होत नाही म्हणून इथे लिहून राहिलो.

आधीच सांगतो, मी मुळ्या-पाल्याच्या विरोधात नाही. आमच्याकडे पोळ्याला दाराशी पळसाच्या फांद्या लागतात, दुसऱ्या दिवशी मारबतीच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीला सगळं शहर ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणत रस्त्यावर येतं, मीही जातो, त्यात कोणाचं काही बिघडत नाही. माझं भांडण वेगळं आहे. या मुळ्यांमध्ये खरंच ताकद आहे, त्यातल्या काहींपासून बनलेली औषधं माझ्या दुकानातही असतात, आणि ज्या गोष्टीत एवढी ताकद आहे ती कितीही, कोणालाही, कशीही द्या असं सांगणारा माणूस त्या मुळीला ओळखतच नाही. गडचिरोली-मेळघाटातला जुना वैदू निदान कोणत्या मुळीला हात लावायचा नाही हे तरी सांगतो.

आता काविळीची माळ. यावर जास्त लिहितो कारण पावसाळ्यात पाणी खराब झालं की सगळ्यात जास्त लोक हिच्याच मागे जातात. माळ अशी असते की वेलीच्या नाहीतर झुडपाच्या ओल्या काड्यांचे छोटे तुकडे दोऱ्याच्या गाठींमध्ये अडकवलेले असतात, सुरुवातीला ती डोक्यावर टोपीसारखी बसते आणि मग दिवसागणिक लांबत लांबत गळ्यात, छातीवर, खाली पोटापर्यंत येते, आणि घरचे म्हणतात बघा, कावीळ उतरून राहिली. पण ओली काडी वाळली की बारीक होणारच, ती बारीक झाली की तिच्याभोवतीची गाठ सैल पडते, आणि गाठीत गुंतलेला दोरा मोकळा होऊन माळ लांब होते. तीच माळ घरातल्या धडधाकट माणसाच्या डोक्यावर ठेवा नाहीतर पाण्याच्या माठावर ठेवा, तेवढीच लांबेल. माठाला काही कावीळ झालेली नसते. चुन्याच्या पाण्याचंही तसंच. हाताला आधी आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, चुन्याच्या निवळीत तो पिवळा होतो आणि पाहणाऱ्याला वाटतं अंगातली कावीळ पाण्यात उतरली. हे प्रयोग अंधश्रद्धा निर्मूलनवाले किती वर्षांपासून गावोगाव करून दाखवतात, आणि ती चळवळ १९८२ मध्ये आपल्याच नागपुरातून उभी राहिली, तरी इथेच हा मेसेज सगळ्यात जोरात फिरावा याचं मला खरंच वाईट वाटतं.

मग माळ घालून लोक बरे कसे होतात? होतातच, कारण खराब पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेक धडधाकट लोकांमध्ये काही आठवड्यांत आपली आपण जाते, आराम आणि नीट खाणं-पिणं एवढं मिळालं तरी. श्रेय माळेला जातं. पण डोळे पिवळे होणं म्हणजे एकच आजार नाही. पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी डोळे पिवळे होतात, हिपॅटायटिस बी मध्ये होतात, दारूनं लिव्हर गेलं तरी होतात, लेप्टोस्पायरोसिसच्या तापात होतात, स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्येही होतात, आणि यातलं काय आहे ते रक्त तपासल्याशिवाय आणि सोनोग्राफीशिवाय कोणाला कळत नाही, माळवाल्याला तर नाहीच. सगळ्यात जास्त भीती गरोदर बाईची. शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातं. तिला माळ घालून घरी निजवून ठेवणं म्हणजे काय, हे ज्यांनी मेसेज पुढे पाठवला त्यांनी एकदा मनाला विचारावं. माझ्याकडे एकदा एक माणूस बायकोसाठी फक्त ग्लुकोजची पावडर घ्यायला आला होता, तिला सातवा महिना होता, माळ घालून झाली होती, मी पावडर दिली नाही, रिक्षा बोलावून दिली.

कोणी म्हणेल भुईआवळीचं काय, ती तर काविळीची खरी मुळी आहे. प्रश्न चांगला आहे. १९८८ मध्ये मद्रासच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’मध्ये छापलं होतं की भुईआवळीनं बऱ्याच लोकांच्या रक्तातून हिपॅटायटिस बी गेला, जगभर आशा लागली, मग इतर ठिकाणी तसेच प्रयोग झाले आणि तसा रिझल्ट आला नाही. म्हणजे कोणी लपवलं नाही, तपासलं.

दुसरा दावा सदाफुलीचा, आणि मला तर हाच सगळ्यात मोठा वाटतो कारण सदाफुली आपल्या प्रत्येक अंगणात आहे, पानं तोडायला दोन पावलं लागतात. शुगरसाठी हिची पानं खायची हे इथलंच नाही, तिकडे जमैकातही लोक शुगरसाठी तिचा चहा करून प्यायचे, आणि नेमकं तेच ऐकून १९५० च्या दशकात कॅनडामध्ये रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी ही पानं उंदरांवर तपासली. तोंडावाटे देऊन उंदरांची शुगर काही उतरली नाही. अर्क इंजेक्शननं दिला तर उंदीर इन्फेक्शननं मरायला लागले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीच खलास होऊन राहिल्या होत्या. त्या माणसांच्या डोक्यात आलं की पांढऱ्या पेशी मारणारी गोष्ट रक्ताच्या कॅन्सरला चालेल, आणि त्यातून १९५८ मध्ये विनब्लास्टिन आलं, मागाहून विन्क्रिस्टिन, जे आजही लहान मुलांच्या ब्लड कॅन्सरमध्ये देतात. शेकडो किलो वाळलेल्या पानांतून ग्रॅमभर निघतं, शिरेतूनच देतात, मिलिग्रॅममध्ये मोजून, नर्स दोनदा चेक करते. ज्या झाडातून कीमोथेरपी निघाली त्याची पानं शुगरच्या म्हाताऱ्या माणसाला सकाळी अनशापोटी चावायला सांगायची, आणि वरून म्हणायचं साइड इफेक्ट शून्य! पुष्कळ लोक सदाफुली सुरू केली की शुगरची गोळी बंद करतात, खरं नुकसान तर तिथूनच सुरू होतं, कारण वाढलेली शुगर दुखत नाही, ती डोळे आणि किडनी खात राहते.

साप. इथे मी मऊ बोलणार नाही. भंडारा-गोंदियाकडे रोवणीच्या दिवसांत आणि आपल्याकडे पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्या लोकांना मण्यार चावते, दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही, आणि सकाळपर्यंत पापण्या उघडत नाहीत, मग श्वास बंद पडतो. २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात दरवर्षी सरासरी ५८ हजार लोक सापानं गेले असा संशोधकांचा हिशोब आहे. मुळी उगाळून बरं झाल्याच्या गोष्टी खोट्या नसतात, पण चावलेले बरेच साप बिनविषारीच असतात, धामण, दिवड वगैरे, आणि विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतोच असं नाही. अशा माणसाला पेढा दिला असता तरी तो वाचला असता. सर्पगंधेत रिझर्पिन आहे, ते बीपी उतरवतं, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्लड प्रेशरवर तिचा उपयोग जगापुढे मांडला आणि ते काम खरंच मोठं होतं. पण सापाच्या विषावर ती चालत नाही, उलट घोणस चावून आधीच बीपी पडत असेल तर अजून पाडणारी गोष्ट कशाला द्यायची? आणि ईश्वरीच्या मुळात अॅरिस्टोलोकिक अॅसिड असतं, त्यानं किडनी कायमची खराब होते, मूत्रमार्गाचा कॅन्सर होतो. बेल्जियममध्ये १९९० च्या सुमारास वजन कमी करण्याच्या गोळ्यांमध्ये याच कुळातली दुसरी मुळी चुकून गेली आणि कित्येक बायकांच्या किडन्या गेल्या.

नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांवर एकच विष उतरवणारी लस (अँटीव्हेनम) चालते, घोड्याच्या रक्तापासून बनते, नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी हॉस्पिटलांत आहे, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, पाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन. अजून एक, साप-विंचू-कुत्रं चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं महाराष्ट्रात गुन्हा आहे, २०१३ च्या जादूटोणा विरोधी कायद्यात ते स्पष्ट लिहिलं आहे, आणि तो कायदा त्या डिसेंबरात इथल्याच हिवाळी अधिवेशनात पास झाला.

गुळवेल. कोरोनात सगळ्यांनी प्यायली, आमच्या घरीही होती. त्यानंतर २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या लिव्हरच्या त्रासाबद्दल छापलं, २०२२ मध्ये देशातल्या १३ केंद्रांतून ४३ पेशंटचा अभ्यास आला, बऱ्याच जणांमध्ये शरीर आपल्याच लिव्हरवर हल्ला करतं तसा प्रकार दिसला. आयुष मंत्रालयानं यावर हरकत घेतली की दिसायला सारखी दुसरीच वेल वापरली गेली असेल. ठीक आहे, तसं धरलं तरी बाजारातून आणलेली कांडी नेमकी कोणत्या वेलीची हे तुम्ही-आम्ही ओळखणार आहोत का? ज्यांना आधीच थायरॉइड, संधिवात असं ऑटोइम्यून, म्हणजे शरीर आपल्याच अंगावर हल्ला करतं तसलं, काही आहे त्यांनी तर स्वतःच्या मनानं अजिबात घेऊ नये.

कळलावीवर एवढंच की तिच्या कंदात कोल्चिसिन आहे, तेच जे गाउटच्या सांधेदुखीसाठी मोजून देतात. मुळी बाळंतिणीच्या कमरेला नुसती बांधली तर काही होत नाही, पोटात दिली तर आधी उलट्या-जुलाब, मग रक्तपेशी पडतात, एकेक अवयव बंद पडायला लागतो. अडलेल्या बाळंतपणात गाडी लागते, मुळी नाही.

हत्थाजोडी तर मुळीच नाही! हिमालयातली दुर्मिळ मुळी म्हणून विकतात, दोन हात जोडल्यासारखी दिसते, शेंदरात ठेवलेली असते. २०१७ मध्ये तपासणीत उघड झालं की ते नर घोरपडीचं कापून वाळवलेलं लिंग आहे, काही ठिकाणी तर प्लास्टिकचे साचे निघाले. घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे ही वस्तू घरात सापडली तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. लक्ष्मी येईल म्हणून जे तिजोरीत ठेवलं त्याच्यासाठी एक मुका जीव मारलेला असतो आणि पूजा करणाऱ्या बाईला त्याची कल्पनाही नसते. कोणाच्या घरी असेल तर कृपा करून पुढे कोणाला देऊ नका, विकू नका, वनविभागाला कळवा.

राहिला ‘डॉक्टर लपवतात’ हा मुद्दा. चीनच्या तू यूयू यांनी जुन्या ग्रंथात वाचलेल्या वनस्पतीतून मलेरियाचं औषध काढलं आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रिझर्पिन, विन्क्रिस्टिन, कोल्चिसिन, सगळं पुस्तकात छापलेलं आहे. लपवायचं असतं तर मी हे लिहिलं कुठून असतं?

आणि घरात कोणी आधीच काही खाल्लं असेल, धोतऱ्याचं बी, कण्हेर, गुंज, कोणाच्या सांगण्यावरून दिलेला काढा, तर दवाखान्यात जाताना उरलेली मुळी, पाला, बी पिशवीत घालून सोबत घ्या, काहीच नसेल तर झाडाचा मोबाइलवर फोटो काढा. लोक भीतीपोटी सांगत नाहीत, डॉक्टर रागावतील म्हणून. कण्हेर म्हटलं की ते लगेच ईसीजी लावतात, धोतरा म्हटलं की वेगळं बघतात, आणि नाव कळलं नाही तर तेवढा वेळ नुसता शोधण्यात जातो.